बिनबिलाचा फोन

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र कुणालाही लिहायचं असो, सुरुवात आशीर्वादाने करायची, हे आईने आपल्याला पट्टीच्या धाकाने शिकवलंय, म्हणून हे दोन शब्द आधी लिहून टाकले. फार मनापासून आहेत असं समजू नकोस.

पत्र कशाला, असं म्हणशील. तू माझा फोन घेत नाहीस. दुकानात आले तर काउंटरवरची मुलगी सांगते, 'साहेब बाहेर गेलेत', आणि आतल्या पडद्याखाली तुझे बूट दिसतात. मोठा झालास, पण लपायचं अजून शिकला नाहीस. तेव्हा हे पत्र वहिनीच्या हातात देणार आहे. ती तरी दार उघडते.

आम्ही बरे आहोत. तुझ्या भावजींची कंबर धरली होती, ती आता सुटली. मी रोज औषधाच्या दुकानात कामाला जातेच आहे. थंडी पडल्यापासून सगळं गाव खोकत येतं, त्यामुळे दिवसभर क्षणभरही टेकायला मिळत नाही. आई माझ्याकडे आहे हे तुला माहीतच आहे. जेवण ठीक आहे, पेपर वाचते, शब्दकोडं सोडवते आणि कुठल्या शब्दाला अडलं की कोडं करणाऱ्याला नावं ठेवते. फक्त घरात कुणाचाही फोन वाजला की उठून आतल्या खोलीत जाते. तिच्याबद्दल शेवटी लिहीन.

परवा सुनावणी आहे. ग्राहक मंचाच्या भाषेत मी तक्रारदार आणि तू सामनेवाला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. तापात तुझं डोकं मांडीवर घेऊन बसायचे, आणि आता तू सामनेवाला!

तुझं लेखी उत्तर मिळालं. पहिलंच वाक्य, 'तक्रारदार या आमच्या ग्राहक नाहीत. त्यांच्याकडे खरेदीचे बिल नाही.' खरंच आहे की. बिल नाहीच. आईचा फोन तुझ्या दुकानातून घेताना मी मागितलं होतं, आठवतं? तू चार गिऱ्हाइकांसमोर हात जोडून म्हणालास, "ताई, घरच्या घरात बिल कसलं? मी बसलोय ना इथे!" सगळे हसले आणि मीच ओशाळले. सख्ख्या भावाकडे बिल मागणारी बहीण म्हणजे काय कोतं मन, असं मलाच वाटलं. मी, जी रोज परक्या माणसांना बजावते की बिल जपून ठेवा, त्याच्याशिवाय गोळ्या परत घेणार नाही! मंचातल्या कारकुनाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अहो ताई, बिल भावाकडूनच तर घ्यायचं असतं. परक्याला निदान लाज असते." त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, त्यातल्या किती फायली भावाबहिणींच्या, ते मी विचारलं नाही.

आता फोनबद्दल. आई तेव्हा तिच्या घरी एकटी राहायची म्हणून तो मी तिला घेऊन दिला. पहिल्या आठवड्यापासून तिचे फोन यायला लागले आणि फोनवर आई नसायची. मी हॅलो हॅलो करायचे, पलीकडे मुक्कामाला आलेली शांतता. तुलाही यायचे तसेच. मावशीला यायचे. आई पहिल्या दिवसापासून सांगत होती, "माझा आवाज पलीकडे जात नाहीये." आपण काय म्हणालो? आई, चुकीचं बटण दाबलं गेलं असेल. आई, फोन उलटा धरलास का? जिचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंतच काय, शेजारच्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तिला आपण बोलायचं कसं ते शिकवत होतो. मीही त्यात होते. ते मी नाकारत नाही.

मी तुझ्याकडे फोन आणून दिला, तू 'बघतो' म्हणालास, आठवडाभर ठेवून घेतलास आणि परत दिलास. नवं कव्हर घालून. आत काहीही न करता वर छानसं निळं कव्हर! "फोन ठणठणीत आहे, आईलाच जमत नाहीये," असं म्हणालास. नंतर आवाज खाली आणून, "ताई, मला तिच्या डोक्याचीच काळजी वाटते." आणि त्या वाक्यापासून सगळं घसरलं. तू तिला डॉक्टरकडे नेलंस. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं आणि तिचे काटे चुकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेली बाई, स्वतःच्या परीक्षेत घाबरली. झालं. गॅस बंद केलास, घराला कुलूप लावलंस, किल्ली 'जपून राहील' म्हणून स्वतःच्या खिशात घातलीस आणि आईला माझ्याकडे सोडलंस. मी विरोध केला नाही, कारण माझाही विश्वास बसला होता.

सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात. माझे कान एका शिंपीणबाईंनी टोचले. त्या दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. मागे एकदा सहज म्हणाल्या, "तुमचा भाऊ म्हणजे देवमाणूस हो! मी फोन घेतला, तर पलीकडच्याला माझा आवाजच जाईना. दुकानात जाऊन आरडाओरडा केला. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही, तिथल्या तिथे बदलून दिला. म्हणाले, बाई, तुमची चूक नाही, ही खेपच खराब आली आहे." मी विचारलं, कुठला फोन? त्यांनी रंगासकट सांगितलं. आईचाच होता तो. तोच रंग, तोच महिना, तेच दुकान.

मी त्यांच्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि बिल दिलं.

धाकट्या, तुला माहीत होतं. त्या शिंपीणबाईंकडे बिल होतं आणि त्या ओरडल्या, म्हणून त्या शहाण्या ठरल्या. आईकडे बिल नव्हतं आणि ती ओरडली नाही, म्हणून तिचं डोकं गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कंपनीला कळवून एक फोन बदलायचा होता. तेवढंही झेपेना, की तोवर आईचं रिकामं घर सोयीचं वाटायला लागलं होतं? मी जाऊन आले तिथे. खिडकीतून पाहिलं. ज्या खोलीत आई वह्या तपासायची तिथे छतापर्यंत तुझ्या दुकानाचे खोके आहेत. तू वाईट नाहीस, हे मी आजही मानते. तू फक्त सोय बघतोस. पण सोय बघणाऱ्याचा मारही तितकाच लागतो.

तक्रार मी त्यानंतर केली. फोनच्या किमतीसाठी नाही, हे तुझ्या वकिलाला कळणार नाही, तुला कळेल. कुठेतरी कुणीतरी कागदावर लिहायला हवं होतं की दोष फोनमध्ये होता.

आणि तुझ्या उत्तरातलं दुसरं वाक्य. 'सदर फोन वापरणाऱ्या वृद्ध महिलेची स्मरणशक्ती क्षीण झाली असून दोष हा वापराचा आहे.' हे लिहिताना वकिलाने तुला विचारलं असेल ना? तू मान डोलावली असशील.

आईने ते वाचलं. मी लपवायला हवं होतं, पण घरात आलेला कागद तिने वाचला नाही असं कधी झालंय? चष्मा पुसून दोनदा वाचला. मग लाल पेन घेऊन त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. वकिलाला 'स्मरणशक्ती' धड लिहिता आलं नव्हतं. कागद माझ्याकडे परत देत तिने विचारलं, "तू जिंकलीस तर त्याचं काय होईल?" मी खरं ते सांगितलं, की बाकीचेही फोन घेऊन येतील, कदाचित त्याची त्या कंपनीची एजन्सी जाईल. तिने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "मला घेऊन चल सुनावणीला. मी सांगते साहेबांना की मलाच वापरता येत नव्हतं."

"आई, हे खोटं आहे."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला चावायचं?"

मी रागावले, रडले, काही उपयोग झाला नाही. कालपासून ती शेंगा सोलता सोलता पाठ करते आहे. 'साहेब, माझ्या लक्षात राहत नाही. फोनचा काही दोष नाही.' आपल्याकडून कविता पाठ करून घ्यायची तशी, स्वल्पविरामाला थांबून. आज दुपारी तिने मला विचारलं, "हळू बोलू ना गं? विसराळू बाई एवढ्या खणखणीत आवाजात बोलणार नाही."

हे लिहायचं टाळत होते मी. आता लिहिलं.

तू म्हणशील, मग तक्रार मागे घे, आईला बोलावंच लागणार नाही. नाही घेणार. मी मागे घेतली तर आई वेडी आणि किल्ली तुझ्या खिशात, हेच कायमचं राहील. तेव्हा आता सगळं तुझ्यावर आहे. उद्या संध्याकाळी ये. वकील नको, नवा फोन नको, फळंबिळं तर नकोच. तिच्यासमोर बस आणि म्हण, 'आई, फोन खराब होता. मला माहीत होतं.' आणि किल्ली तिच्या हातात दे. तेवढ्यावर मी तक्रार मागे घेईन. मग एजन्सी सांभाळ, दुकान सांभाळ, मला त्यातलं काही नको.

आला नाहीस तर परवा मंचात भेटू. जागा बघून बस, अगदी पुढे. आई हळू बोलणार आहे. शेवटच्या बाकावर ऐकू येणार नाही.

तुझी ग्राहक नसलेली,
ताई

ता. क. कुणाला लिहितेय हे मी आईला सांगितलं नव्हतं, तिने ओळखलं. म्हणाली, "माझेही आशीर्वाद लिही त्याला." लिहिते. तिचे मात्र मनापासून आहेत.