गिरमिटाची दोरी

८ डिसेंबर

पोचले बाई एकदाची. शेंग पोरी, तू म्हणालीस तशी तुझ्या फोनमध्ये बोलतेय. ऐकून जसंच्या तसं लिही, आजीच्या बोलण्याला इस्त्री करू नकोस. मला अक्षर येत नाही, पण कुणी काय गाळलं ते बरोब्बर कळतं. सेंट पॉलहून निघताना तुझ्या बापानं आणि काकांनी माझ्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, म्हातारीचा जीव अंगाला बांधलेला राहावा, जुन्या घरात मागे राहू नये म्हणून. ते आपोआप गळेपर्यंत कापायचे नसतात, पोचल्यावर फोनवरही तुझ्या बापानं तेच बजावलं. झुआचं घर झकास आहे. खिडकीतून गोठलेलं तळं दिसतं. झुआनं कोंबडीचं पालेभाजी घालून कालवण केलं होतं. मीठ कमी होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी दोनदा वाढून घेतलं. झुआ म्हणजे माझी धाकटी सवत. आमचा नवरा ब्लिया गेला, आता दोन म्हाताऱ्यांनी दोन चुली कशाला पेटवायच्या, असं तुम्हा पोरांचं म्हणणं. बघू.

१० डिसेंबर

गॅरेजमध्ये ब्लियाचं, तळ्यात मासे धरायला बर्फात भोकं पाडायचं गिरमिट आहे, पेट्रोलवर चालणारं. गेल्या हिवाळ्यात ते चालू करतानाच त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. गिरमिट वर राहिलं. ओढायची दोरी तुटली आणि टोकाच्या मुठीसकट त्याच्याबरोबर पाण्यात गेली. बर्फ वितळल्यावर तो सापडला, मूठ नाही सापडली. मुठीला म्हणे झुआनं निळी भरतकामाची पट्टी गुंडाळली होती.

झुआ म्हणते, त्याचा जीव अजून पाण्यातच आहे. त्याच जागी भोक पाडायचं, अंडं-भात दाखवून हाक मारायची. जी हाक मारते तिच्यामागून तो घरी येतो आणि तिच्याजवळ राहतो. मी म्हटलं, मग शेजाऱ्याचं गिरमिट आण की. तर म्हणे, नाही ताई, ह्यांना ह्याच गिरमिटाचा आवाज कळेल, मी रोज बर्फावर शेजारी बसायचे ना!

रोज शेजारी. मला त्यानं हे तळं फोटोतसुद्धा दाखवलं नाही. रविवारी यायचा, मासे टाकून जायचा, तेही साफ न केलेले.

हाक कोण मारणार, मी विचारलं. झुआनं केस सारखे केले. नखरे बघा, सत्तरीला टेकली तरी!

१२ डिसेंबर

गिरमिटाचं झाकण उघडलं. आत कप्पी, तिच्याखाली गुंडाळलेली पोलादी पट्टी. दोरी ओढली की पट्टी आवळते, सोडली की दोरीला परत आत खेचते. झुआनं आणलेली नायलॉनची दोरी जाड निघाली, कप्पीत अडकली. पट्टी सुटून अशी उसळली की झुआच्या गालाला चाटून गेली. मी हसले नाही. बरं, थोडी हसले.

म्हटलं, सर बाजूला, बारीक दोरी मी वळते. डोंगरातली हमोंग बाई मी, आम्हा हमोंग बायकांचा ताग वळण्यात जन्म गेला. वळता वळता मनात आलं, दोरीत माझं काही असलं तर हाक तिची का असेना, ओढ माझी असेल. झुआ आत गुणगुणत भांडी घासत होती. मी कात्री घेतली, मनगटांवरचे दोरे कापले आणि तागात वळून टाकले.

बापाला सांगू नकोस.

१३ डिसेंबर

पट्टी गुंडाळून बसवली, कप्पी फिरवून ताण भरला, दोरी ओवून गाठ मारली. मूठ म्हणून लाकडाचा तुकडा लावला. झुआनं ओढली, पहिल्या ओढीला इंजिन पेटलं! ती टाळ्या पिटत म्हणाली, ताई, तुमच्या हाताला काय गुण आहे हो!

दोरी सर्रकन आत गेली तेव्हा माझं मनगट खेचलं गेलं. मी तर दारात उभी होते. थंडी असेल.

१५ डिसेंबर

दोरी ओली आहे. गॅरेज कोरडं ठणठणीत. लाकडाचा तुकडा खाली पडलाय आणि दोरीला जुनी मूठ, निळ्या पट्टीची. पट्टीतून पाणी ठिबकतंय.

झुआला दाखवली नाही. आधी माझ्याकडे आलाय तो. पट्टी फाडून चुलीत टाकली.

१७ डिसेंबर

जेवणाला चव नाही. खिडकीशी बोलताना झुआच्या श्वासानं काच धुरकटते. माझ्या नाही.

तिनं मनगटं पाहिली. ताई, दोरे कुठायत? गळले, म्हटलं. खोटं नका बोलू हो, म्हणून रडायला लागली. माझा हात धरून म्हणाली, थांबा, आत्ता बांधते, माझ्या हातानं. मी हात हिसकला. तिच्या दोऱ्यावर जगू?

१८ डिसेंबर

झुआ सेंट पॉलला गेलीय, तुझ्या बापाला घेऊन येते म्हणाली. दुपार आहे, लख्ख ऊन. मी गॅरेजमध्ये — कशी आले, आठवत नाही. दोरी बाहेर येते, आत जाते. कुणी धरलेली नाही. दर वेळी माझा हात —

हाक येतेय. ब्लियाचीच. अशा हाकेला ओ द्यायची नसते, दिली तर मेलेला आपल्याला ओढून नेतो, आईनं लहानपणीच —

पण मेला नाव तिचं घेतोय. झुआ. झुआ. इथंही तीच.

शेंग, हे गाळू नकोस. तिचा आवाज काढून मी ओ दिली. म्हटलं, आले हो, झुआच आले —

मनगट —