सिंहाच्या आयाळीचा डबा

१० जानेवारी, शनिवार

कुरिअरवाला डबा देऊन गेला. सोमेशनं पुण्याहून अळंबीची पूड पाठवलीय. अळंबी! ज्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नाही, तिथं कुत्र्याची छत्री! सिंहाच्या आयाळीसारखी दिसते म्हणे. असेना. मी डबा पदरानं धरून फळीच्या टोकाला ठेवला. झाकणाभोवती चिकटपट्टीचे फेरेच फेरे — हे काम शिवलीलाचं. सून आपली भोळी आहे, पण बांधाबांध नीट करते.

फोनवर चिरंजीव म्हणतात, "आई, औषधी आहे ती. स्मरणशक्ती, झोप, सांधे, प्रतिकारशक्ती…" एवढं सगळं एका चमच्यात होत असेल तर डॉक्टरांनी काय भजी तळायची?

मग खरं ते बाहेर आलं. महिनाभरात फरक दिसला नाही तर मला पुण्याला नेणार. कायमचं! अकरावा मजला. "स्वयंपाकघर केवढं मोठं आहे, दोघी मिळून करा की."

मी नाही जायची.

११ जानेवारी

सगळं त्या दिवाळीतल्या दुधामुळं. पातेल्याचा कोळसा झाला, सोमेश नेमका घरात, आणि त्यानं ठरवून टाकलं — आईला विसर पडायला लागला. विसर कसला! गच्चीवर शेजारच्या गुलबानोशी गप्पा रंगल्या होत्या. पण हे सांगितलं तर कशाच्या गप्पा तेही सांगावं लागेल. आणि विषय सोमेशच होता.

१२ जानेवारी

पूड कुंडीत ओतायला निघाले, तर गुलबानोनं मनगट धरलं. "फेकतीस काय गं? मला दे की. मेरे घुटने दुआ देंगे." डबा तिच्या घरी गेला. ठरलं — ती खाणार, मी सुधारणार!

१५ जानेवारी

गुलबानो म्हणते, चव झकास आहे. "पोरांच्या खिरीसारखी लागती." परदेशी औषध. गोड करूनच विकत असतील.

१८ जानेवारी, रविवार

व्हिडिओ कॉल. कॉल कसला, तोंडी परीक्षाच! सोमेशनं विचारलं, "गेल्या रविवारी मी तुला काय सांगितलं होतं?" मला ठाऊक होतं, पण तो असा डोळे रोखून बघतो की साधं नावसुद्धा आठवत नाही. मोबाइलच्या मागं, स्वयंपाकघराच्या दारात गुलबानो उभी. तिनं दोन्ही हात फिरवत हवेत पोहायला सुरुवात केली. ओढणी बरणीत अडकली तरी थांबेना.

"नातीला पोहण्यात मेडल मिळालं!" मी ओरडले.

सोमेशचे डोळे भरून आले. "शिवलीला, बघितलंस? एका आठवड्यात!" शिवलीला मागं बसून वाटाणे सोलत होती. खाली मान घालून म्हणाली, "व्हय की. लई गुण आला." मला जरा वाईट वाटलं. पोराला फसवते आहे. पण पुणं आठवलं आणि वाईट वाटायचं थांबलं.

२६ जानेवारी

सोमेशनं गावभर केलं! अक्कलकोटच्या शरणम्मा मावशीचा फोन. "दाक्षायणी, तुला कसलं तरी औषध लागू पडलंय म्हणं?" अळंबी म्हटल्यावर "शिव शिव शिव!" आणि लगेच पुढं, "किती चमचं घ्यायचं?"

गुलबानो मात्र खरंच जिना न थांबता चढते आता.

२ फेब्रुवारी, सोमवार

सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांकडं गेले होते. मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिची तपासणी. सहज विचारल्यासारखं विचारलं — अळंबीची पूड कशी काय? ते म्हणाले, "अभ्यास चालू आहेत. पण लोक बोलतात तेवढं अजून सिद्ध नाही. आणि तुम्ही तर हातसुद्धा लावू नका. या गोळीवर रक्तस्राव व्हायची भीती असते."

जिंकलेच की मी! पण सांगू कुणाला? पूड बंद म्हटलं की सोमेश म्हणणार, आता परत विसरशील, चल पुण्याला. घरी पोचते तोच त्याचा फोन. शनिवारी येतोय. नवा डबा घेऊन!

७ फेब्रुवारी

आले दोघं. चहाच्या आधीच सोमेश म्हणाला, "आई, माझ्यासमोर घे. बघू तरी किती घेतेस ते."

नाही म्हणावं तर महिनाभराचं सोंग उघडं पडतंय. घ्यावं तर जन्माचा नियम मोडतोय आणि वर ती गोळी. शिवलीलानं दूध गरम केलं, पूड कालवली, पेला माझ्या हातात दिला. "डोळे मिटून घ्या आई. काय न्हाय होत."

गळ्यातल्या लिंगाची क्षमा मागितली आणि घोट घेतला.

नाचणी! भाजलेली नाचणी, वेलदोडा, चिमूटभर सुंठ. माझ्या जिभेला कोण फसवणार? मी डोळे उघडले. शिवलीला छताच्या पंख्याकडं बघत होती.

"कडू आहे ना गं?" सोमेश.

"लई कडू!" मी तोंड वाकडं करून पेला रिकामा केला.

सोमेश खूश! "छान मानवलंय. राहा मग इथंच. दर महिन्याला डबा पाठवतो."

चटणी कुटताना शिवलीलाला गाठलं. माझ्या गोळीवर ही पूड चालत नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी तिकडच्या डॉक्टरांना विचारलं होतं, सोमेशलाही सांगितलं होतं. "त्यांनी ऐकलं असतं तर मी डबा कशाला रिकामा केला असता, आई?" माझे डोळे पाणावले. किती काळजी करते पोरगी!

८ फेब्रुवारी

निघताना शिवलीला पाया पडली. उठता उठता कानाशी हळूच म्हणाली, "आई, आमचं स्वयंपाकघर दिसतं तेवढं मोठं न्हाय. एका बाईपुरतंच हाय."

आणि हिला मी भोळी समजत होते!