सात प्रश्नांचा फॉर्म

२ मार्च २००२, शनिवार
इंटरनेटवरचा कॅसिनो गायब. परवापर्यंत उघडत होता, आज स्क्रीन नुसती पांढरी. जिंकलेले चारशे डॉलर त्यात होते, ते गेले. त्याआधी भरलेले सातशे, तेही गेले. बूथवरून त्यांच्या नंबरला फोन केला. एक बाई गोड आवाजात सांगते की हा नंबर अस्तित्वात नाही. तीनदा ऐकलं.

सातशे डॉलर म्हणजे अडीच हजार दिरहॅम, म्हणजे तेहतीस हजार रुपये. आणि हे पैसे सुट्टीचे. कंपनी दोन वर्षांनी एकदा तिघांच्या तिकिटांचे पैसे रोख देते, वर सुट्टीचा पगार. जूनमध्ये साताऱ्याला जायचंय, सुनीताच्या वडिलांकडे. दिवाळीत त्यांची उजवी बाजू गेली. तिने त्यांना दोन वर्षांत पाहिलेलं नाही.

सावंतला सांगितलं. हा आमच्या स्टोअरमधला, राहतो शारजाला, जानेवारीत सीडी त्यानेच दिली होती. इथे जुगाराच्या साइट सरकारने बंद केलेल्या असतात, पण सीडीवरून प्रोग्रॅम टाकला की चालतो. म्हणाला, "ते खलास समज. दुसरा बघ, पण जरा चांगला बघून घे."

चांगला म्हणजे कसा, ते त्यालाही माहीत नाही.

५ मार्च, मंगळवार
दिवसभर जबल अलीच्या वर्कशॉपमध्ये. अठरा व्हॉल्व्ह, त्यातले चार परत पाठवले. सर्टिफिकेटवरचा नंबर आणि व्हॉल्व्हच्या अंगावरचा नंबर जुळत नव्हता. तिथला मॅनेजर म्हणाला, हबीबी, एवढं कोण बघतं. मी बघतो. चौदा वर्षं तेच करतोय.

परत येताना गाडीत डोक्यात आलं की नवा सप्लायर घेताना आपण फॉर्म भरतो, सात प्रश्न. मग इथे का नाही? लाज वाटली की हे आधी सुचलं नाही. घरी येऊन आखलाच. लायसन्स कुठलं. किती वर्षं धंद्यात. फोन कोण उचलतं. पैसे किती दिवसांत देतात. तक्रारी काय. नियम वाचता येतात का. हिशोब बाहेरचा कुणी तपासतो का.

फार दिवसांनी बरं वाटलं. पैसे परत येतील असंही वाटलं. ते का वाटलं, लिहिता येत नाही.

११ मार्च, सोमवार
पाच कॅसिनो तपासले. खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक चर्चेचा फळा आहे, तिथे लोक शिव्या घालतात आणि त्यातून बरंच कळतं. नं. १ चं लायसन्स संपलेलं. नं. २ फोनच उचलत नाही. नं. ३ सहा-सहा महिने चेक देत नाही. नं. ५ चे नियम रोज बदलतात. नं. ४ ला सातपैकी साडेसहा. फोन दुसऱ्या रिंगला उचलला, माणूस घाई करत नव्हता, आणि मी विचारलं त्याचं उत्तर दिलं, भलतंच नाही.

अडचण एकच. पैसे काढताना पासपोर्टची कॉपी लागू शकते. माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, इथे सगळ्यांचेच असतात. मागायचा तर कारण लिहून द्या. काय लिहू? सुनीताचा मात्र घरी, कपाटात, तिच्या साड्यांखाली. माझ्या कार्डावर तिच्या नावाचं एक जोडकार्ड आहे, तेही ती कधी वापरत नाही. खातं तिच्या नावाने उघडलं.

तिला सांगितलं नाही. नुसतं नावच तर आहे.

१८ मार्च, सोमवार
सँपल ऑर्डर. पन्नास डॉलर भरले, थोडं खेळलो, साठ झाल्यावर थांबलो. साठ काढायला टाकले. आता बघू.

३ एप्रिल, बुधवार
चेक आला! सोळाव्या दिवशी, ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये, तपकिरी पाकिटात, सुनीताचं नाव टाइप केलेलं. आमच्या जॉइंट खात्यात भरला. फॉर्मवर 'अप्रूव्ह्ड' लिहून सही केली, तारीख घातली.

सावंत हसला. "साहेब, तुम्ही कॅसिनोचंही इन्स्पेक्शन करता?" करतो, म्हटलं. म्हणूनच तू बुडालास आणि मी नाही.

२० एप्रिल, शनिवार
बुडालो. दुपारी तीनला घरी येतो, सुनीता शाळेत शिकवून आली की लगेच मैथिलीला घेऊन ट्यूशन घ्यायला जाते, पाचपर्यंत कुणी नसतं. रोजच्या ह्या दोन तासांत पैसे गेले. नं. ४ ने काही लबाडी केली नाही. प्रत्येक डावाची नोंद ठेवतात, मागितली तर पाठवतात. मी मागवली आणि तपासली. चूक नाही.

चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

६ मे, सोमवार
सुट्टीच्या पैशातलं काही उरलं नाही. साडेदहा हजार दिरहॅम. रुपयांसाठी तेराने गुणलं, परत गुणलं.

आज साताऱ्याला फोन. मैथिलीने आजोबांशी बोलायचा प्रयत्न केला, ती म्हणाली, "बाबा, आय कान्ट अंडरस्टँड हिम." मग सुनीताने घेतला. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात, कधी येताय. ती म्हणाली, "तेरा जूनला, अण्णा. तिकिटं झाली की नंबर सांगते." आणि माझ्याकडे पाहून हसली.

हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्यात. अण्णांसाठी चालायची काठी घेतलीय, चार पायांची. सुनीता वजनकाट्यावर बॅग ठेवते, उतरवते, काठी आत बसत नाही म्हणून परत काढते. मी तिथे बसू शकत नाही. गॅलरीत जाऊन उभा राहतो.

१५ मे, बुधवार
जोडकार्डावर शेवटचे दोनशे डॉलर टाकले होते. दोन तासांत एकोणतीसशे. बरोब्बर तेवढेच, जेवढे गेले होते तेवढे. उठलो, तोंड धुतलं, परत येऊन सगळे काढायला टाकले.

पण पैसे लगेच सुटत नाहीत. बहात्तर तास 'पेंडिंग'. आणि तेवढ्या वेळात तिथेच खाली एक बटण असतं, विचार बदलला तर पैसे परत खेळायला घ्या. नं. ४ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय. मी वाचलंही होतं. त्याला पूर्ण मार्क दिले होते, नियम वाचता येतात म्हणून.

शनिवार दुपारपर्यंत हात लावायचा नाही. अण्णांची शपथ.

१७ मे, शुक्रवार
घरात राहिलो तर बटण दाबीन, म्हणून सकाळी दोघींना घेऊन खोर फक्कानला. समुद्र, क्रेन, बंदरावरची जहाजं. सुनीता किती दिवसांनी पाण्यात उतरली. मी काठावर बसून तास मोजत होतो. सव्वीस राहिले.

तीनला म्हणालो, पाणी घेऊन येतो. गावात एक इंटरनेट कॅफे होता, नमाजनंतर नुकता उघडलेला. सीडी गाडीच्या खणात होती. 'चुकून राहिली' असं लिहिणार होतो. नाही. मीच ठेवली होती, सकाळी, टॉवेलच्या आधी.

चाळीस मिनिटांत साडेनऊशे डॉलर गेले. थांबलो, कारण कॅफेवाला माझ्या मागे येऊन उभा राहिला. उरलेले पुन्हा काढायला टाकले. परत आलो तर दोघी ओल्या टॉवेलमध्ये, गाडी लावली होती त्या जागेवर उभ्या. मैथिली म्हणाली, "बाबा, व्हेअर इज द वॉटर?"

मी पाणी आणलं नव्हतं.

२० मे, सोमवार
नं. ४ ची मेल. पैसे द्यायला तयार आहेत. रक्कम मोठी, म्हणून खातेदाराचा पासपोर्ट हवा आणि खातेदाराशी फोनवर बोलणं हवं. शनिवारी दुपारी एक वाजता, घरच्या नंबरवर. जन्मतारीख विचारतील, आईचं माहेरचं नाव विचारतील, खातं तुम्हीच उघडलंत का आणि खेळता तुम्हीच का, हे विचारतील.

कॅसिनो चांगला आहे. चांगला असल्यामुळेच विचारतोय. पहिल्यासारखा लबाड असता तर कुणी विचारलं नसतं. ह्यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं.

सावंत म्हणाला, माझी मेव्हणी बोलेल की, तिला दोनशे दिरहॅम द्या, आवाजावर काय लिहिलेलं असतं. मी नाही म्हटलं नाही. विचार करतो म्हटलं. सुनीताच्या आईचं माहेरचं नाव एका कागदावर लिहून खिशात ठेवलं, मेव्हणीला द्यायला. मेलेल्या बाईचं नाव.

२२ मे, बुधवार
ट्रॅव्हल एजंटकडे सुनीता स्वतः गेली. आज पैसे नाही भरले तर तेराची जागा जाते. तिथून मला मोबाइलवर फोन, "अहो, पैसे कुठल्या खात्यात आहेत?"

मी म्हटलं, घरी ये.

सगळं सांगितलं. खोर फक्कानसुद्धा. ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असं वाटलं होतं. तिने मैथिलीला खाली खेळायला पाठवलं आणि विचारलं, "माझ्या नावाने?" हो म्हटलं. "माझ्या पासपोर्टवर?" हो. मग तिने हॉलमधली काठी उचलून बाजूला ठेवली.

म्हणाली, तुम्ही तर सगळं तपासून घेता. मी फॉर्म काढून दाखवला. का दाखवला? म्हणजे मी अगदीच मूर्खपणा केला नाही, हे तिला कळावं म्हणून. शाळेचे पेपर तपासते तसा तिने तो पूर्ण वाचला, सही-तारखेसकट. आणि म्हणाली, "सातही प्रश्न त्यांच्याबद्दल आहेत. तुमच्याबद्दल एकही नाही."

फॉर्म घडी करून तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

२३ मे, गुरुवार
सुट्टीचा दिवस. ती बोलत नाही. जेवण वेळेवर. मैथिली दोघांकडे आळीपाळीने बघते.

संध्याकाळी एकदा बोलली. खोटं बोलायला सांगताय मला, अनोळखी माणसाशी, इंग्रजीत. मी म्हटलं, तू खरं सांगितलंस तर खातं बंद होईल आणि पैसे अडकतील. ती म्हणाली, ते मला समजलंय.

सावंतला फोन करून मेव्हणी नको म्हणून सांगितलं. खिशातला कागद फाडला.

२५ मे, शनिवार
ऑफिसातून बारालाच निघून घरी. तिने शाळेतून अर्धी सुट्टी घेतलेली. एक वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला. तिने तो वायरसकट आतल्या खोलीत नेला आणि दार लावलं.

मी बाहेर उभा. ऐकू येत होतं ते एवढंच: "येस." "नो." मग आईचं माहेरचं नाव, एकेक अक्षर सुटं करून. मग कितीतरी वेळ ती हळू बोलत होती, मला शब्द लागले नाहीत.

बाहेर आली, फोन जागेवर ठेवला. मी विचारलं, काय सांगितलंस?

"ते मी सांगणार नाही. काही यायचं असेल तर कुरियरने माझ्या शाळेत येईल, दहा दिवसांत. नाही आलं तर नाही आलं. तुम्ही विचारायचं नाही."

आणि खात्याचा पासवर्ड आता चालत नाही. तो बदललाय की खातंच नाही राहिलं? तेही विचारायचं नाही.

२८ मे, मंगळवार
तिने शाळेतून ॲडव्हान्स घेऊन दोन तिकिटं काढली. तिचं आणि मैथिलीचं, तेरा जून. फ्रिजवर मॅग्नेटखाली लावली. तिसऱ्याचं बघू, म्हणाली. रागाने नाही. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

दुपारी तीन ते पाच काय करायचं कळत नाही. कॉम्प्युटरची वायर तिने नेलेली नाही, काही लपवलेलं नाही. सीडी मी स्वतः कात्रीने कापली. पण सावंतकडे अजून चार आहेत, हे मला माहीत आहे आणि तिला नाही.

हेही तिला सांगावं का?

३० मे, गुरुवार
सांगितलं. "बरं," म्हणाली.

३ जून, सोमवार
आज नववा दिवस. ट्यूशन रद्द झाली म्हणून ती साडेतीनलाच आली. बॅग डायनिंग टेबलावर ठेवली आणि आंघोळीला गेली. एरवी ती बॅग बेडरूममध्ये नेते. आज बाहेर का ठेवली, विसरून की मुद्दाम, कळत नाही. चेन अर्धी उघडी. आत एका पाकिटाचा कोपरा दिसत होता, जाड, पांढरा. कुरियरचं असेल. मुलांच्या पेपरांचंही असेल, परीक्षा चालू आहेत.

आतून पाण्याचा आवाज येत होता. चौदा वर्षं मी हेच केलंय, उघडून बघितल्याशिवाय एकही वस्तू आत घेतली नाही. दोन्ही हात मांडीखाली घालून खुर्चीत बसलो. घड्याळ बघितलं नाही.

ती आली, केसांना टॉवेल गुंडाळलेला. आधी बॅगेच्या चेनकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेन ओढून बंद केली.

"चहा टाकू?" म्हणाली.

टाक, म्हटलं. हात अजून मांडीखालीच होते.