चाकांतली हवा

व्हर्ना,

माणूस हा जन्मजात प्रवासी आहे. घर म्हणजे त्याच्या वाटेतला नुसता थांबा. वर्तमानपत्रातून निवृत्त होताना मी हे भाषणात ठणकावून सांगितलं होतं. तो प्रवासी सध्या राहायच्या ट्रेलरसकट तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभा आहे, आणि त्याचा हीटर तुझ्या स्वयंपाकघरातून ओढलेल्या वायरवर चालतो.

माझी ल्युसिल गेल्यावर बहिणीकडे "दोन आठवडे राहतो" म्हणून आलो. हा तिसरा हिवाळा. दर रविवारी मी ट्रेलरच्या चाकांत हवा भरतो आणि तुझा नवरा कुंपणावरून विचारतो, "काय मेहुणे, या आठवड्यात सुटतेय का गाडी?"

मी म्हणतो, "हवा तर भरली आहे, क्लाइड."

तू एकदा म्हणालीस, "चाकांत आहे तेवढी तरी हवा तुझ्यात उरलीय का रे?" मी चाकांतली हवा पुन्हा तपासली.

काल पंप मारताना लक्षात आलं, ट्रेलर घेऊन समुद्र बघायला जायचं होतं ते ल्युसिलला. मला फक्त तिच्या शेजारी बसून गाडी चालवायची होती. आता रडू येईल म्हणून जरा थांबलो. आलं नाही. मग पंप ठेवून दिला.

ट्रेलर ओढणारा पिकअप आज विकतोय. गिऱ्हाईक गावात, कोंबड्यांचं खाद्य मिळतं त्या दुकानापाशी येणार आहे. म्हणजे मी आता इथून हलत नाही. तुझी हरकत असेल तर सरळ सांग.

नसेल, तर चार वाजता मला त्या दुकानापाशी घ्यायला ये. परत यायला गाडी नाही.

ऑरिन