सेतो दवाखान्यात जात नाही

१ ऑगस्ट, सोमवार
उपाशीपोटी तीन घोट! उसाची दारू, सताप, लिंबू. ऑगस्टच्या पहिल्या सकाळी हे घेतलं की महिना बाधत नाही म्हणतात. सेतोने पेला हुंगला. "आधी तू पी." प्याले. मिनिटभर टक लावून बघत राहिला – मी आडवी होतेय का बघत असावा. मग एका दमात संपवला आणि वर आणखी मागितला! तीन दिवसांनी माझ्या हातचं काहीतरी त्याच्या पोटात गेलं.

२ ऑगस्ट
घरातले बल्ब गेले. गेले म्हणजे सेतोने काढले, पुसले आणि तांदळाच्या डब्यात पुरले. "त्यातून नोंदणारे ऐकतात, ताई." हे नोंदणारे कोण, ते मला दीड वर्षात कळलेलं नाही. पण ते त्याच्याशी बोलतात, त्याचं सगळं टिपून घेतात. हा माझा धाकटा भाऊ, छत्तीस वर्षांचा, शाळेत बीजगणित शिकवायचा. फळ्यावर काय सुंदर अक्षर काढायचा!
मी चूक केली. म्हणाले, "असं कोणी नसतं रे, सेतो." झालं! संध्याकाळपर्यंत अबोला.

४ ऑगस्ट
शेजारच्या मिर्ताबाई आरोग्य केंद्रात नर्स आहेत. आज कुंपणावरून हाक मारली.
"काय गं लिब्राडा, वाद घालून कधी जिंकलीस का त्याच्याशी?"
"एकदाही नाही."
"मग कशाला घालतेस? नोंदणारे आहेत की नाहीत, ते सोड. त्याला भीती वाटते ती तर खरी ना? तिची चौकशी कर."
"आणि औषध?"
"आधी गप्पा. स्वतःला किंवा कोणाला इजा करेल असं वाटलं, तर मात्र असशील तशी धावत ये माझ्याकडे."
असलं काही त्याच्या मनात नाही. तो तर मुंग्याही ओलांडून जातो.

५ ऑगस्ट
केली चौकशी! अंगणात तेरेरेचा थंड चहा घेत बसलो होतो – पुदिना ठेचून, पाणी गारेगार, एकाच नळीने आळीपाळीने. पेला त्याच्या हातात देता देता विचारलं, "काय म्हणतात रे ते?"
तो थबकला. "खरंच विचारतेस?"
"खरंच."
तासभर बोलला. त्याने नापास केलेल्या मुलांची नावं वाचून दाखवतात, म्हणाला. एकेक करून, दिवसभर. तुझ्यामुळे त्यांचं वाटोळं झालं म्हणतात. मला गलबलून आलं. दीड वर्षात मी हा एक प्रश्न विचारलाच नव्हता!
मग म्हणाला, "त्यातला एकजण फार पकाऊ आहे. तेच तेच सांगतो."
"आपल्या क्रिस्पिनदादासारखा?"
हसलो! दोघंही! तेरेरे माझ्या नाकातून आलं.

७ ऑगस्ट, रविवार
नाव काय घेतलं, दादाचाच फोन. राजधानीतून. "पुढच्या रविवारी येतो. गाडी आणि दोन माणसं घेऊन. मागच्यासारखं उचलू. तू फक्त सही कर."
मागच्यासारखं! चौघांनी त्याला फरशीवर दाबून धरलं होतं. पायात चप्पलसुद्धा नव्हती. आणि सही माझी. वीस दिवसांनी वेड्यांच्या इस्पितळातून परत आला तो तीन महिने माझ्याशी बोलला नाही. गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यात. (कोंबड्यांनीही खाल्ल्या नाहीत.) तेव्हापासून डॉक्टर हा शब्द काढला तरी उठून जातो.

९ ऑगस्ट
विकायचा चिपा पाव करपला. पीठ, चीज, बडीशेप सगळं ठीक, भट्टीपाशी मलाच डुलकी लागली. बसथांब्यावर लोकांनी तरीही घेतला. भली माणसं!

११ ऑगस्ट
पकडली गेले. भट्टीमागे लिहीत बसले होते, वर बघते तर सेतो.
"तूपण नोंदतेस!"
त्याचा चेहरा – नको, ते लिहिता येत नाही. समजावून काय सांगणार? वही त्याच्या हातात दिली. उभ्या उभ्या पहिल्यापासून वाचली. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका सुधारल्या!
"कोंबड्यांचं बरं लिहिलंयस." मग, "सही तू केलीस."
"हो."
"का?"
"घाबरले होते रे."
"पुन्हा करशील?"
"नाही."
"मग लिही तसं."
लिहिते. सही करणार नाही.
जाताना म्हणाला, "तुझं अक्षर बिघडलंय, ताई. हात थरथरतो का?"

१४ ऑगस्ट, रविवार
आले. दादा, गाडी, दोन धिप्पाड माणसं. मी फाटकात उभी, टोपलीभर गरम चिपा घेऊन. "आधी खा, मग बोला." त्या दोघांनी सहा-सहा संपवले. दादा पेटलाच.
"कागद कुठाय? सही कर!"
"नाही करत."
"तूपण वेडी झालीस!"
"मग तर माझी सही चालणारच नाही!"
ते दोघं इतके हसले की एकाला ठसका लागला. गाडीत बसायच्या आधी दादा हळूच म्हणाला, "आईने जाताना त्याला माझ्या हवाली केलं होतं गं. मला तिथं झोप लागत नाही." डोळे भरले होते. मला आजवर वाटायचं, याला फक्त लाज वाटते. त्याच्या हातात उरलेला चिपा दिला.
सेतो खिडकीतून सगळं बघत होता.

१६ ऑगस्ट
सकाळी सेतो दाढी करून उभा! "चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय." मी काही विचारलं नाही, विचारलं असतं तर बेत बदलला असता. अख्खा रस्ता मनात देवाचे आभार मानत चालले.
केसपेपरच्या खिडकीपाशी मोठ्याने म्हणाला, "माझ्या बहिणीला दाखवायचंय. दीड वर्ष झोपलेली नाही. कोंबड्यांशी बोलते. आणि सगळं वहीत लिहून ठेवते!"
मिर्ताबाई चटकन भिंतीकडे वळल्या. हसू दाबताना खांदे गदागदा हलत होते. मी? गेले निमूट आत. नाव माझं, कागद माझा, रक्तदाब माझा – आणि तो खरंच वाढलेला!
डॉक्टरबाई तरुण आहेत. "झोप का लागत नाही तुम्हाला?"
मी तोंड उघडायच्या आत सेतो म्हणाला, "माझ्यामुळे. मला आवाज ऐकू येतात. मग ती जागी राहते."
स्वतःहून! परक्या बाईसमोर!
बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्हाला लागते झोप?"
"नाही."
"शुक्रवारी दोघंही याल? यांचा रक्तदाब बघायचाच आहे."
"हिला घेऊन येतो," तो म्हणाला.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
माझं नाव पुकारलं. सेतो उठला. म्हणाला, "ताई, तू बस. आधी मी जातो." आत गेला आणि दार स्वतःच लावून घेतलं.