घाटापलीकडची पट्टी

१२ सप्टेंबर

सापडली! इतकी वर्षं शोधतेय ती पट्टी घाटापलीकडे लिंथालला निघाली. आणि कुणाकडे, तर योस्तकडे! त्या खडूस संग्राहकाशिवाय दुसरं कुणी मिळालं नाही का?

ब्लासीचा फोन. आमच्या नेमबाज मंडळाचा अध्यक्ष, पण पोटात काही म्हणून राहत नाही. 'ओटिली, तुझ्या पणजोबांच्या बंदुकीवरचा आकडा सांग बघू.' सांगितला. 'मग खाली बस. योस्तला जुन्या नळीचा वीतभर तुकडा मिळालाय. त्यावर तोच आकडा. आणि नेम धरायची मागची पट्टी त्यावर जशीच्या तशी!'

बसलेच मी. पणजोबा ही व्हेटर्ली, लष्कराची जुनी बंदूक, घेऊन सरहद्दीवर पहाऱ्याला होते. एकदा नळीच्या तोंडात बर्फ राहिला, तसाच बार काढला आणि नळी फुगली. शस्त्रागाराने नवी नळी बसवली, तिच्यावर नव्या नमुन्याची पट्टी. जुनी गेली ती गेलीच. माझ्या कपाटात जुन्या लष्करी बंदुकांच्या किती अस्सल पट्ट्या नि नळीच्या टोकावर नेमासाठी असतात त्या माशा पडल्यात – आणि घरच्या बंदुकीवर मात्र परकी! लोकांच्या पोरांची लग्नं लावायची आणि आपली घरातच, तसं झालंय माझं.

१३ सप्टेंबर

योस्तला फोन केला. 'विकणार नाही.' बदल्यात काही? 'नाही.' निदान बघू तरी द्याल? 'या की. बघायला कुणाची ना आहे?'

मेला!

१९ सप्टेंबर

पिवळ्या बसने घाट ओलांडून गेले. मुद्दाम काही भारी वाटून घ्यायचं नाही असं ठरवून गेले होते. कसलं काय!

खोली लहान. भिंतीवर पेचकस टांगलेले, किती ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, एवढे कशाला? म्हणाला, 'प्रत्येक स्क्रूला त्याचा त्याचा.' स्क्रूच्या खाचेत बरोब्बर बसेल असं प्रत्येकाचं पातं स्वतः घासलंय! त्याच्या संग्रहातल्या एकाही स्क्रूच्या डोक्यावर ओरखडा नाही. आम्ही संग्राहक दुसऱ्याची वस्तू हातात घेतली की आधी तेच बघतो. मी भिंग लावून बघितलं. नाही म्हणजे नाहीच!

मग त्याने फडक्यातून तुकडा काढला. कुणा शेतकऱ्याच्या धुरीच्या खोलीत तो मांस टांगायचा दांडा झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या धूर आणि चरबी बसली, म्हणून गंज नाही. नळीवरचा बंदुकीचा आकडा हाताने कोरलेला, त्यातल्या चारची मान किंचित वाकडी. कानशीचे बारीक माग दिसतात. आणि पट्टी नळीला जिथे जोडली, तिथे डाखेचा, जोडायच्या वितळलेल्या धातूचा, एक थेंब ओघळून थिजलाय. कारागिराने पुसला नाही. ती पट्टी एकदाही निघालेली नाही, कधीच! किती सुंदर वस्तू आहे ही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बघितलं आणि खिडकी उघडायला उठला. शहाणा आहे.

निघताना पुन्हा मागितली. म्हणाला, 'सीमा ठरवताना कोंबडा आरवला की दोन्हीकडून धावायचं ठरलं, आमचा उशिरा आरवला म्हणून तुम्ही पलीकडच्या उरीवाल्यांनी घाटाखालची कुरणं लाटलीत. आता पट्टीही हवी?' मी म्हटलं, 'कोंबड्याला खाऊ घालून लठ्ठ कुणी केला? तुम्हीच ना?' हसला. हा माणूस हसतो हे मला ठाऊक नव्हतं.

२० सप्टेंबर

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. दूध उतू गेलं.

४ ऑक्टोबर

ब्लासी येऊन गेला. वर्धापनदिनाला पणजोबांची बंदूक मंडळाला द्यायचं कबूल केलंय ना मी. भिंतीवर जागा ठरली म्हणे.

शेवटी योस्तला फोन लावला आणि जे आहे ते सरळ सांगून टाकलं. माझ्यामागे घरात कुणी नाही. बंदूक मंडळाकडे जाणार. जाताना ती पुरी असावी, एवढीच इच्छा आहे. तेवढ्यासाठी हात पसरतेय.

  मग म्हणाला, 'पुढच्या शनिवारी या. ज्योत, अवजारं सगळं आहे. पण तुमच्या हाताने काढा. माझ्याच्याने व्हायचं नाही.'

देतोय! योस्त देतोय!

११ ऑक्टोबर

तुकडा शिकंज्यात धरला होता. त्याने ज्योत पेटवून माझ्या हातात दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात खिशात.

डाख वितळायला कितीसा वेळ लागतो? ज्योत जवळ नेली. तो थेंब दिसला. तो वितळला की पट्टी सुटणार, माझ्या बंदुकीवर बसणार – आणि मग ती कधी न निघालेली पट्टी राहणार नाही. नवी डाख माझी. शिवाय ती बसणार कशावर? दुसऱ्याच नळीवर! अस्सल करायच्या नादात जे अस्सल आहे तेच मी जाळायला निघाले होते.

ज्योत विझवली.

'झालं?' भिंतीकडे बघूनच त्याने विचारलं.

'नाही. आणि व्हायचंही नाही.'

तेव्हा वळला. 'तुम्ही काढणार नाही हे माहीत होतं. म्हणून तर हो म्हटलं.'

'आणि काढली असती तर?'

'तर तुम्हाला ओळखण्यात माझी चूक झाली असती. पट्टीही गेली असती.'

असा राग आला! आणि तितकंच कौतुक वाटलं, का खोटं लिहू? माझ्या भरवशावर त्याने आपली सगळ्यात लाडकी वस्तू ज्योतीखाली ठेवली. मला आजवर एवढं कुणी ओळखलेलं नाही. मग तिकडचं हिरवं चीज आणि उकडलेले बटाटे खाल्ले. परतीची बस चुकता चुकता राहिली.

२६ ऑक्टोबर

वर्धापनदिन. उभी राहिले आणि सांगून टाकलं – बंदूक देणार नाही. तिचा अर्धा जीव घाटापलीकडे आहे. अर्धी वस्तू देऊ कशी?

ब्लासी लालेलाल. 'अगं, मी खिळासुद्धा ठोकलाय!'

'टोपी अडकव,' म्हटलं.

घरी येऊन योस्तला सांगितलं. 'बरं केलंत,' म्हणाला. मग त्याने उगाचच विचारलं, 'घाट कधी बंद होतो यंदा?'

'मोठा बर्फ पडला की. तुम्हाला ठाऊक नाही? तुमच्या दारातच तर चढ सुरू होतो.'

'हं,' म्हणाला. हं काय!

३ नोव्हेंबर

योस्त आला! गाडी घेऊन, न सांगता. टॉवेलात गुंडाळलेला तुकडा छातीशी धरून. म्हणे, एकदा दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघू. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदूक ठेवली, तिच्याजवळ तुकडा. दोघांवर तोच आकडा, तीच वाकडी मान चारची! आम्ही बघत बसलो. कॉफी गार झाली, पुन्हा केली, तीही गार झाली.

अंधार पडला, म्हणून वरची खोली दिली. सकाळी निघतो म्हणाला.

४ नोव्हेंबर

गेला नाही. माझ्या कपाटातल्या स्क्रूंची डोकी बघून हळहळतोय. 'हे कुणी केलं हो?' मीच केलं. तरुण होते, घाई होती. त्याने एक पेचकस घासायला घेतला.

५ नोव्हेंबर

सकाळी आभाळ खाली आलेलं. मी म्हटलं, निघायचं तर आत्ताच निघा, उद्या अडकाल, मग झुरिकवरून वळसा. म्हणाला, पेचकस अर्धा राहिलाय.

६ नोव्हेंबर

गुडघाभर बर्फ. घाट बंद झाला, आता मे महिन्यात उघडेल. योस्तला सांगितलं. 'ऐकलं,' म्हणाला, आणि बॅगेतून घरात घालायच्या सपाता काढल्या.