फुल पेमेंट पार्टी

मनीषनगर, नागपूर
बुधवार

प्रिय कामिनी,

तुझं खालचं घर जी पार्टी घेते आहे, तिचं काल फोनवर तू इतकं कौतुक केलंस की हे पत्र लिहिणं भाग पडलं. फोनवर हे जमलं नसतं. मी बोलायला लागले की तू 'ऐकून तर घे वं' म्हणतेस, आणि तू बोलायला लागलीस की मला मधे बोलावंसं वाटतं. कागदावर तेवढं तरी टळेल. शेवटपर्यंत वाच, आणि वाचून होईपर्यंत लेकाला, ऋषिकेशला, फोन लावू नकोस.

तू घर विकायला काढलंस हे मला धर्मेंद्रकडून कळलं. माझा बेसा भागातला प्लॉट याच दलालाने विकून दिला. उरलेल्या सह्यांसाठी मी त्याच्या ऑफिसात बसले होते, आणि तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "त्रिमूर्तीनगर, खालचा मजला, मालकीणबाई वर एकट्या राहतात, टीचर होत्या." मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, ते तर गेल्यातच जमा समजा. त्यांची मैत्रीणच घेऊन राहिली." क्षणभर मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतो आहे, तू माझ्या नावाने ठेवलं असशील आणि रविवारी सांगणार असशील. मग तो म्हणाला, कुसुमताई.

कॉलेजात आपण एका बाकावर बसून ठरवलं होतं की म्हातारपणी एका घरात राहायचं, एक वर आणि एक खाली. वर कोण यावरून भांडलोही होतो. पुढे तुझं लग्न झालं, माझं झालं नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भाऊजी होते तोवर मी त्या घरात पाहुणी म्हणून आले आणि पाहुण्यासारखी वेळेवर निघाले. ते गेल्यावर दर रविवारी आले. कुसुमताई तुला भेटल्या कधी, तर बागेतल्या हसण्याच्या क्लबात, आत्ताआत्ता. त्यांनी एकदा डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी आणली तर तू महिनाभर 'त्यांच्या हाताले चव आहे' करत होतीस. माझी सांबारवडी तू कॉलेजपासून खाते आहेस. माझ्या वाट्याला 'तेल जरा जास्त झालं' आलं.

त्या रविवारी मी तुला सरळ विचारलं की मला का सांगितलं नाहीस. तू पोहे परतत होतीस. मागे न वळता म्हणालीस, "तू घेतलं असतं तर घर तुझं झालं असतं वं प्रेमिला, अन् मी वरची भाडेकरू." आणि हसलीस. मी हसले नाही, ते तुला दिसलं नाही. पोहे मात्र मी खाल्ले.

त्यानंतर जे झालं ते तुला माहीत आहे, निदान तुझ्या बाजूचं. कुसुमताईंचं कर्ज अडकलं. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला बँक मुलाची सही मागते, आणि त्यांचा मुलगा दुबईत. इकडे ऋषिकेशच्या पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता तोंडावर आलेला. तेवढ्यात धर्मेंद्रने दुसरी पार्टी आणली. कर्ज नाही, बँक नाही, सगळी रक्कम एकदम आणि चेकने. अंकुश नावाचा एक मुलगा येऊन इसार देऊन गेला आणि म्हणाला, आमच्या मॅडमचे गुडघे दुखतात, त्या रजिस्ट्रीलाच येतील. धर्मेंद्र तुला म्हणाला, "बँकवाल्या पार्टीत दिवाळी निघून जाते मॅडम. फुल पेमेंटवाल्याले नाही म्हणू नका." तू नाही म्हणाली नाहीस. कुसुमताई रडल्या आणि तूही रडलीस, हे मला तूच सांगितलंस. माझ्यासाठी तू कधी रडलीस ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

मग तुझ्या अटी सुरू झाल्या. तुझ्या कुलरचं पाणी उन्हाळाभर खालच्या खिडकीवर गळतं, ते चालेल का? धर्मेंद्रमार्फत पार्टी म्हणाली, चालेल. पाण्याची मोटर सकाळी आधी तू लावणार. चालेल. दर गुरुवारी तुमचं भजनी मंडळ खालच्या व्हरांड्यात बसतं, तेही बसत राहणार, म्हणजे कुसुमताई दर गुरुवारी येणार, पेटी वाजवणार आणि चहा घेऊन जाणार. याला पार्टीने एक दिवस घेतला, पण उत्तर तेच दिलं. प्रत्येक उत्तर आलं की तू मला फोन करायचीस. काल म्हणालीस, "काय समजदार बाई आहे वं ही. एक शब्द जास्तीचा नाही. तू असती तर कुलरच्या पाण्यावरून मले तासभर शिकवलं असतं. मले अशीच पाहिजे होती खाली." इतकं म्हणून तू तिच्यासाठी कुरडया बाजूला काढून ठेवल्याचंही सांगितलंस. चेहरा पाहिलेला नाही, नाव माहीत नाही, आणि कुरडया.

कामिनी, कुसुमताईंचा मला राग येत होता, तो माझ्या ओळखीचा होता. कालपासून मला त्या पार्टीचा हेवा वाटतो आहे, आणि तो मला सहन होत नाही, कारण ती पार्टी मी आहे.

प्लॉटचे पैसे बँकेत पडून होते. धर्मेंद्रला मी नाव सांगायचं नाही असं बजावलं. अंकुश आमच्या ऑफिसातला, तू त्याला कधी पाहिलेलं नाहीस. इसार त्याच्या खात्यातून दिला. कुसुमताईंना ते घर मिळू नये एवढाच माझा पहिला विचार होता, दुसरा मी केलाच नव्हता. गेल्या आठवड्यात तू बागेत गेलीस तेव्हा मी मोजमापाच्या निमित्ताने एकटीच आत जाऊन आले. स्वयंपाकघरात उभी होते तेवढ्यात तू परत आलीस. वर तुझी चप्पल वाजली, नळ सुटला, मग तू खुर्ची ओढलीस. तू कुठून कुठे जातेस ते सगळं खाली कळतं. मी टेप हातात घेऊन तशीच ऐकत राहिले. काहीही बोलले नाही. तुला आवडते तशी.

पण ते मला जन्मभर जमणार नाही. त्या बाईने 'चालेल' म्हटलं कारण तिला तोंड उघडायची सोय नव्हती. मी राहायला आले तर कुलरच्या पाण्यावर बोलेन, ऋषिकेश फोन करत नाही यावर बोलेन, पेटी बेसूर लागली तर कुसुमताईंनाही सांगेन. शुक्रवारी रजिस्ट्री आहे. तिथे मी समोर येऊन बसले तर चार लोकांत तुला नाही म्हणता येणार नाही. भिडेपोटी सही करशील आणि मग रोज जिना उतरताना मला पाहशील. तशी सही मला नको. म्हणून आज लिहिते आहे. मी हवी असेन तर शुक्रवारी ये. नको असेन तर येऊ नकोस, घर कुसुमताईंना दे. इसाराची रक्कम त्यांचं कर्ज येईपर्यंत तुझ्याकडेच राहू दे, म्हणजे ऋषिकेशचा हप्ता अडणार नाही. मी दोन्हीपैकी कशावरही रुसणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं. रुसेन. त्याची काळजी तू करू नकोस.

तुझीच,
प्रेमिला

अंकुशच्या हाती दिले: इसारपावतीची मूळ प्रत, मागे सौदा रद्द केल्याचा मजकूर आणि अंकुशची सही, तारीख तुझ्यासाठी मोकळी. घरटॅक्सच्या पावतीची झेरॉक्स. खालच्या घराच्या किल्ल्या दोन: एक धर्मेंद्रने दिलेली, एक मी करून घेतलेली.